डोक्यातली वळवळ घेऊन जा गे मारबत

मारबतीपाशी मोघम बोलू नये. देवापाशी चालतं. देवाला सवय असते, तो आपल्या सोयीनं अर्थ काढतो. मारबत मात्र शब्दाची पक्की. तुम्ही 'ने' म्हटलं की ती नेते. मागाहून 'बाई, मला तसं म्हणायचं नव्हतं' करत धावून उपयोग नाही, कारण तोवर तिची राख झालेली असते, आणि राखेशी वाद घालून कोणी जिंकल्याचं ऐकिवात नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. बांबू आणि कागदाची, दुमजली घराएवढी बाई. एक काळी, एक पिवळी. महाल भागातली सगळी वस्ती रस्त्यावर उतरते, गच्च्यांवरून माणसं लोंबकळतात, आणि जो तो तिला ओरडून सांगतो, काय काय घेऊन जायचं ते. "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत! रोगराई घेऊन जा गे मारबत!" मिरवून झालं की गावाबाहेर नेऊन तिला जाळतात. तिच्याबरोबर गावाची पीडा जाते. तिच्या मागून बडगे चालतात. बडग्या म्हणजे त्या वर्षी गावाला ज्यानं जास्त छळलं त्याचा पुतळा. गळ्यात पाटी असते. डासांचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या, महागाईचा बडग्या. तोही जळतो. पुढच्या साली डास, खड्डे, महागाई पुन्हा हजर असतात, पण त्यात मारबतीचा दोष नाही. ते नवे असतात.

तर आमचा सुमंत. सरकारी कचेरीत कारकून होता, आता निवृत्त. गोष्टी लिहायचा. लिहायचा म्हणजे काय, गोष्टीच त्याला लिहायला लावायच्या. दाढी करताना सुचली की अर्धी दाढी तशीच. सिग्नलला सुचली की दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल व्हायचा, आणि हा स्कूटरवर पाय टेकून आकाशात पाहत उभा. चौकातला हवालदार ओळखीचा झाला होता. जवळ येऊन अदबीनं विचारायचा, "साहेब, गोष्ट संपली असन तं निघा."

मागच्या साली मारबतीच्या सुमाराला त्याच्या डोक्यात एका बँडवाल्याची गोष्ट अडकली. त्या बँडवाल्याचा ढोल कोणी वाजवला नाही तरी आपोआप वाजायचा. सुरुवात झकास होती, शेवट सापडेना. गोष्ट डोक्यात नुसती वळवळायची. झोप गेली, जेवण गेलं, बायको माहेरी जायच्या गोष्टी करू लागली. मारबत समोरून चालली होती, ढोलताशे कडाडत होते, आणि सुमंतनं दोन्ही हात वर करून बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली,

"डोक्यातली वळवळ घेऊन जा गे मारबत!"

मी शेजारीच होतो. म्हटलं, "अरे, कोणती वळवळ ते नाव घेऊन सांग!" पण त्या गोंधळात ऐकतो कोण? आणि मी पाहिलं, माझी शपथ, काळ्या मारबतीनं मान हलवली. लोक म्हणतात, वारा होता. भादव्यातला वारा मीही ओळखतो. तो मान डोलावून 'बरं' म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सुमंत उठला तो हलकाफूल. पोटभर जेवला, दुपारी घोरला. बायको खूश. चौकातला हवालदार खूश. सिग्नल हिरवा झाला की सुमंत सगळ्यांच्या आधी सुटायचा. दिवाळी आली, गेली. संक्रांत झाली, होळी झाली. मग एकदा त्याच्या लक्षात आलं की आपल्याला बरेच दिवसांत काही म्हणजे काही सुचलेलं नाही. कागद घेऊन बसला. कागद याच्याकडे पाहतोय, हा कागदाकडे. शेवटी कागदच कंटाळून उडून गेला.

धरमपेठेतल्या एका कानाच्या डॉक्टरकडे मी त्याला घेऊन गेलो. डॉक्टरनं त्याच्या उजव्या कानात बॅटरी मारली. पलीकडच्या भिंतीवर उजेडाचा गोल कवडसा पडला, इतका स्वच्छ की त्यात डॉक्टरचं भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचता आलं.

"मध्ये काहीच नाही," डॉक्टर म्हणाले. "कान उत्तम आहेत."

याच सुमाराला उन्नतीचा फोन आला. उन्नती दिवाळी अंक काढते. पोरगी हुशार, कामाला वाघ, पण पक्की धरमपेठेतली. तिच्या 'मग'वर आजवर कधी अनुस्वार चढलेला नाही. आम्ही इकडे 'मंग' म्हणतो तर ती डोळे मिटून घेते, दाताखाली खडा आल्यासारखे.

"सुमंतकाका, गोष्ट कधी देताय?"

"देतो ना."

"तुमचं नाव मुखपृष्ठावर छापून झालंय, काका. आता काढता येणार नाही. मारबत झाली की पुढच्या आठवड्यात पानं छापायला जातील. गोष्ट आली नाही, तर माझ्याकडे सांबारवडीची कृती तयार आहे. पानं तेवढीच भरतात. मग ती जाईल."

"माझ्या नावाखाली?"

"नाव छापून झालंय ना, काका," उन्नती गोड आवाजात म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

सुमंतचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या माणसाच्या गोष्टी वाचून लोक रात्री दिवा सुरू ठेवून झोपले, त्याच्या नावाखाली 'सांबार निवडून, धुवून, बारीक चिरून घ्यावा'! नागपूरबाहेरच्यांनी डाळीचं सांबार समजू नये. आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो.

"काकाजी," तो मला म्हणाला, "मी गेलो. माझं नाव राहिलं अन् मी गेलो."

मग त्यानं जे जे करतात ते केलं. सक्करदऱ्याच्या तलावाकाठी जाऊन बसला. तलावात बदकं होती, ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्यांना काहीतरी सुचत असावं असं वाटत होतं, याला नाही. मग कोणीतरी त्याला लेखनाच्या कार्यशाळेत पाठवलं. तिथं अपूर्व नावाचा, खादीचा कुडता घातलेला, हळू आवाजात बोलणारा एक तरुण शिकवत होता. तो म्हणाला, "डोळे मिटा. तुमच्या आतल्या लहान मुलाला हाक मारा. तो काय म्हणतोय ते ऐका." सुमंतनं डोळे मिटले, हाक मारली. आतला मुलगा बऱ्याच वेळानं डोळे चोळत आला आणि म्हणाला, "भूक लागली." दोघं उठून तर्री-पोहे खायला गेले. तर्री इतकी तिखट होती की कानांतून धूर निघाला. उजव्यातून निघालेला वाऱ्यानं परत आत गेला आणि डाव्यातून बाहेर आला. वाटेत त्याला अडवणारं काही नव्हतं.

शेवटी पोळ्याच्या आधी तो माझ्याकडे आला आणि ओट्यावर बसून रडायलाच लागला.

मी म्हटलं, "सुमंत, हरवलेली वस्तू कुठं सापडते?"

"जिथं हरवली तिथं."

"आणि नेलेली?"

त्यानं नाक पुसलं. "जिथं नेली तिथं."

"मंग जा ना तिथं."

"तिथं कोण जाऊ शकते, काकाजी? तिथं एक मारबत जाते, अन्..." तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. "अन् बडगे."

"हाव," मी होकाराची मान हलवत म्हणालो.

आता योगायोग असा की आमच्या गल्लीच्या बडग्याला यंदा विषयच मिळत नव्हता. आमच्या मंडळाचा मुख्य भैयाजी. त्याची पिठाची चक्की आहे, त्यामुळे त्याच्या भुवया बारा महिने पांढऱ्या. डास शेजारच्या गल्लीनं आधीच घेतले होते. महागाई तर तिघांनी घेतली होती आणि तिघांत भांडण लागलं होतं. भैयाजी चक्कीत डोकं धरून बसला होता.

मी सुमंतला त्याच्यापुढे उभा केला. "हा घे बडग्या."

"हा तं सुमंत आहे."

"न सुचण्याचा बडग्या. पाय त्याच्या तोंडाकडे."

आम्ही 'पाहा'ला 'पाय' म्हणतो. भैयाजीनं पाहिलं. दोन्ही बाजूंनी पाहिलं. एका कानातून डोकावून पलीकडची दळणाची रांग पाहिली. "बाप्पा!" तो म्हणाला. "असा बडग्या तं बांबूचा बनवतो म्हटलं तरी नाही बनत."

ठरलं असं, की सुमंतनं मिरवणुकीत हातगाडीवर उभं राहायचं, मारबतीच्या मागं मागं जायचं, आणि जिथं ती जळते तिथं पोचलं की तिला नीट, नाव घेऊन, विनंती करायची. जाळायच्या आधी चहाच्या टपरीमागं त्याला गुपचूप उतरवायचं. सोपं काम. त्यात चूक फक्त भैयाजीनं केली, तीही प्रेमापोटी. सुमंतच्या अंगावर रंगीत कागद चिकटवायला त्यानं चक्कीतलं चांगल्यातलं चांगलं पीठ घेतलं, खळ शिजवली, ती घट्ट झाली म्हणून आणखी पीठ टाकलं, आणि पायापासून गळ्यापर्यंत थरावर थर दिले. वर गळ्यात पाटी अडकवली: 'न सुचणे'. तोंड तेवढं मोकळं ठेवलं, त्याला लाल रंग फासला.

मिरवणूक महालात शिरेपर्यंत ऊन चढलं. खळ वाळली. सुमंत हातगाडीसकट एकसंध झाला.

"काकाजी," तो ओठ न हलवता म्हणाला, "मले गुडघा नाही वाकवता येऊन राहिला."

"बडग्याचा गुडघा वाकत नसते," मी म्हणालो आणि गाडी ढकलत राहिलो.

आणि आमचा बडग्या असा गाजला म्हणता! लोक डासांकडे पाहीनात, महागाईकडे पाहीनात.

"कायचा बडग्या आहे गा हा?"

"न सुचण्याचा."

"म्हणजे?"

"म्हणजे याच्या डोक्यात काहीच येत नाही."

"अरे, मंग हा आमचा साहेबच आहे ना! नाक पाय नाक, सेम टु सेम!"

"काही नाही," मागून एक बाई म्हणाली, "हा आमचा जावई आहे." आणि तिनं पायातली चप्पल काढून सुमंतला अशी काही ओवाळली की पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मारबत पुढं होती, उंच होती, गर्दीत तिच्यापर्यंत पोचणं कठीण. आमची हातगाडी बुटकी. बडग्याचा कान तोंडाशी येत होता. मग लोकांनी काय केलं, मारबतीला सांगायचं ते बडग्याच्याच कानात सांगायला सुरुवात केली. म्हटलं, हाही तिकडंच चाललाय, पोचवेल. आणि सुमंतचं डोकं तर वर्षभर रिकामं. आत अडवणारं कोणी नव्हतं. जे कानात पडे ते सरळ आत जाऊन बसे.

"आमच्या मामाजीचं 'आमच्या काळी असं नव्हतं' घेऊन जा गा!" असं सासऱ्याबद्दल म्हणणारी एक सून.

"तिचं 'पाहू' घेऊन जा. दोन साल झाले, 'पाहू' म्हणून राहिली. हो म्हण, नाही तं नाही म्हण, म्हणा तिले," एक पोट्टा कानाशी कळवळून बोलला.

एका म्हाताऱ्यानं येऊन सांगितलं, "माझं विसरणं घेऊन जा." गेला. थोड्या वेळानं पुन्हा आला, सुमंतच्या कानाशी वाकला, बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "मी कायले आलो होतो बरं?"

मी सुमंतकडे पाहिलं. त्याच्या डाव्या भुवईखाली काहीतरी किंचित हललं. मला वाटलं, माशी.

एका वळणावर पुढची काळी मारबत विजेच्या तारेत अडकली आणि मिरवणूक थांबली. तिथं गर्दीतून एक बाई आली. साठीची, किंवा थोडी पुढची, निळी सुती साडी, हातात छत्री. नंतर कळलं, उत्तराबाई, सक्करदऱ्याला राहते. ती ओरडली नाही. तिनं आधी बडग्याला नमस्कार केला. मग छत्री काखेत धरली आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. गाडीचा दांडा माझ्या हातात होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"हे पाय बाबू," ती म्हणाली, "मारबतबाई पुढं निघून गेली, माहे पाय पोचत नाहीत. तू तिच्याच घरचा. तिले निरोप दे. मागच्या साली मी म्हटलं होतं, घरातली कटकट घेऊन जा. ते मी म्हटलं होतं, नाही म्हणत नाही. पोरगा अन् सून भांडत होते, नात गाणं शिकत होती, मिक्सर चालू होता, डोकं उठलं होतं माहं. पण तिनं सारीच नेली गा. पोराची बदली हैदराबादले झाली, तो सून, नात, मिक्सर, सारं घेऊन गेला. रेडिओ बंद पडला. पंखा कुरकुरत होता, तो गप झाला. एक पाल होती ट्यूबलाइटमागं, तीही आता चुकचुकत नाही. मी भांडं खाली टाकून पाहिलं तं त्याचा आवाजच नाही आला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सारी नको. थोडीशी परत पाठव म्हणा. भांडं पडल्याएवढी."

तार सुटली, ढोल वाजले, ती मागं राहिली.

सुमंतच्या डोळ्याखालचा रंग ओला झाला. भैयाजी ओरडला, "अबे, रंग उतरून राहिला बडग्याचा!" आणि मी त्याच्या कपाळाकडे पाहिलं तर माशी नव्हती. आतून काहीतरी वळवळत होतं.

मैदान आलं. चहाची टपरी आली. मी आणि भैयाजीनं दोन्ही बाजूंनी धरून सुमंतला ओढलं. सुमंत आला नाही, हातगाडी वर आली. सोडलं, पुन्हा ओढलं. मागून गर्दीचा लोंढा आला आणि गाडी ढकलत थेट मधोमध घेऊन गेला. सुमंतनं विनंती करायला तोंड उघडलं, तोवर काळी पेटली, पिवळी पेटली. बडग्यांची पाळी आली.

"मी माणूस आहो!" सुमंत ओरडला.

गर्दीनं टाळ्या पिटल्या. "वा रे वा! बोलते! आत स्पीकर आहे."

"ब्लूटूथ असन," दुसरा म्हणाला. "आवाज मस्त आहे ना."

"भैयाजी, सांग ना यांले!"

भैयाजीच्या हातात काडेपेटी होती. त्यानं ती खाली केली, भुवयांचं पीठ झटकलं आणि अवघडलेल्या आवाजात म्हणाला, "हे पाय सुमंत. सकाळी तू माणूस होता, हे मी नाही म्हणत नाही. पण आता मिरवला."

"मंग?"

"मंग काय? मारबतीसमोर मिरवलेला बडग्या परत घरी नेत नाहीत. नेला तं पिडा गल्लीत परत येते. उद्या साऱ्या गल्लीले काही सुचलं नाही तं? पोट्ट्यांच्या परीक्षा आहेत."

"भैयाजीचं बरोबर आहे," गल्लीतले लोक म्हणाले. सुमंतवर सगळ्यांचा जीव, पण परीक्षाही होत्या.

"अरे, जळेल तो!" मी म्हणालो.

"काकाजी, मी काय शौकानं जाळून राहिलो? नियम आहे."

आता नियमाला भिडायचं तर नियमानंच. मी गाडीवर चढलो. "पाटी वाचा," मी म्हटलं. "काय जाळायचं आहे? न सुचणे. याले जर सुचलं, तं हा न सुचणे राहते काय?"

लोक विचारात पडले. भैयाजीनं पाटी वाचली, पुन्हा वाचली. "नाही राहत," तो शेवटी म्हणाला. "मंग पाटी तेवढी जाळता येईन. पण सुचलं पाहिजेन. इथंच. साऱ्यांसमोर."

"सुचव! सुचव!" गर्दी ओरडू लागली.

सुमंतनं ओठ चाटले. लाल रंग जिभेला लागला. "एका नगरीत एक राजा होता..."

"जुनं!" चारही बाजूंनी आवाज आला. भैयाजीनं काडी ओढली. वाऱ्यानं विझली.

सुमंत घाईनं म्हणाला, "एक लेखक होता, त्याले काही सुचत नव्हतं..."

"जाळा!" सगळं मैदान एका आवाजात म्हणालं. मीसुद्धा म्हणालो असतो, पण गाडीवर मीही उभा होतो.

भैयाजीनं दुसरी काडी ओढली. ही पेटली. त्यानं तळव्याचा आडोसा धरला आणि तोंड फिरवून हात पुढं केला.

तेव्हा सुमंतचा आवाज बदलला. मोठा नाही, उलट लहान झाला. कानाशी वाकून कोणी बोलावं तसा.

"एका बाईची," तो म्हणाला, "कटकट हरवली."

मैदानात एवढी माणसं, पण कागद जळतानाची चुरचुर ऐकू आली.

"मारबतीनं नेली. तिनंच 'ने' म्हटलं होतं. घर असं गप झालं की ती चालली तं तिचंच पाऊल तिले ऐकू येईना. तिनं भांडं टाकलं, ते कापसावर पडल्यासारखं पडलं. पाल भिंतीवर तोंड उघडायची अन् मिटायची. बाई शेजारणीकडे गेली. म्हणाली, वाटीभर कटकट देतं काय वं? उद्या परत करतो."

कुठूनतरी मागून, एका बाईचा आवाज आला. "मंग?"

"शेजारीण म्हणाली, माह्याकडे आहे, पण ती माह्या नवऱ्याची आहे, त्याले विचारा लागन."

"मंग?" आता दहावीस आवाज.

"मंग ती बाई छत्री घेऊन निघाली. बाजारात गेली. रेल्वे स्टेशनवर गेली, तिथं केवढी कटकट असते, पण ती दुसऱ्यांची. आपल्या घरात नाही बसत. वाटेत तिले एक म्हातारा भेटला, तो काय शोधून राहिला होता तेच विसरला होता. म्हणे, तुहीच वस्तू शोधू दोघं मिळून, माही आठवेपर्यंत..."

"मंग?" मैदान पुढं सरकलं.

"आईगं!" भैयाजी किंचाळला. काडी बोटापर्यंत जळत आली होती. त्यानं ती फेकली, बोट तोंडात घातलं, आणि बोट तोंडात ठेवूनच म्हणाला, "मंग?"

सुमंतनं एक श्वास घेतला.

"आधी मले उतरव," तो म्हणाला. "मंग सांगतो."

टपरीवरचं होतं नव्हतं ते सगळं गरम पाणी त्याच्यावर ओतलं, तेव्हा खळ सुटली. चहाचं पाणी निघालं ते, त्यामुळे पुढं कितीतरी दिवस सुमंतला आल्याचा वास येत होता. पाटी जाळली. चांगली पेटली. पण गर्दी हलेना. "मंग?" म्हणून सगळे उभे. आणि सुमंतला पुढचं ठाऊक नव्हतं.

तो कसाबसा घरी आला. लोक मागं. दूधवाला विचारी, मंग? सिग्नलवरचा हवालदार शिट्टी थांबवून विचारी, साहेब, मंग? सुमंतनं जेवढं सांगितलं होतं तेवढं भराभर लिहून काढलं आणि पुन्हा अडकला. बाईची कटकट शेवटी मिळते का? बँडवाल्याच्या वेळी झालं तसंच. गोष्ट वळवळत होती, शेवट नव्हता.

"आता तरी मारबतीले काही म्हणू नको," मी त्याला म्हटलं. "ज्या बाईची गोष्ट आहे तिले जाऊन विचार."

सक्करदऱ्याला तलावाजवळ दुसऱ्या मजल्यावर उत्तराबाईचं घर. तिनं दार उघडलं. कडीचा आवाज झाला नाही. आत खरंच अशी शांतता होती की मी खोकलो तो मलाच ऐकू आला नाही. तिनं सुमंतला ओळखलं नाही. कशी ओळखणार? तिनं पाहिला होता तो लाल तोंडाचा बडग्या.

सुमंत आत आला, बावरून उभा राहिला आणि त्यानं डोकं खाजवलं. केसांत उडालेली खळ अजून तशीच होती. वाळलेल्या पिठाचा पापुद्रा सुटला आणि पुसून लखलखीत केलेल्या फरशीवर पडला.

उत्तराबाईनं त्या पापुद्र्याकडे पाहिलं. मग सुमंतच्या पायाकडे पाहिलं.

"चपला!" ती म्हणाली.

आवाज खणखणीत आला. ती स्वतःच दचकली.

"चपला कुठी काढतात माणसं? बाहेर पायपुसणं काय शोभेले ठेवलं आहे? अन् हे काय सांडून राहिला? आताच पुसलं ना मी! इथी नको बसू, तिथी बस. पंख्याखाली नको बसू, सारं पीठ घरभर उडन. पाठ सरळ ठेव. जेवला काय? नाहीच जेवला असन, तोंड पाय कसं झालं, बडग्यासारखं!"

पंखा कुरकुरला. ती बोलतच होती. स्वयंपाकघरात गेली, तिथून बोलत होती. सुमंतला हाक मारून आत घेतलं आणि त्याच्याच हातून सांबारवडी करवून घेऊ लागली, आणि काय काय बोलली! "सांबार धुतला तं वाळवशील की नाही? ओला टाकला तं वडी फुटते. बारीक चीर, गवत नाही ते. खसखस भाजतात, जाळत नाहीत. अरे, किती जाड लाटून राहिला, चटई आहे काय? घडी नीट घाल. तेल तापू दे. तापू दे म्हटलं ना!" हातातून पळी निसटली आणि फरशीवर ठणठणत गेली. आणि वर, ट्यूबलाइटच्या मागं, पाल चुकचुकली.

उत्तराबाई थांबली. वर पाहिलं. जमिनीवर बोटानं टकटक करून 'कृष्ण कृष्ण' म्हणाली, आणि डोळे पुसत पुन्हा सुमंतवर ओरडायला लागली.

सुमंत एका हातानं वडी तळत होता आणि दुसऱ्या हातानं लिहीत होता.

तीच गोष्ट त्यानं उन्नतीकडे पाठवली. तो आता दर दोन दिवसांनी सक्करदऱ्याला जातो. चपला मुद्दाम आत काढतो. उन्नतीचा फोन आला तेव्हा आम्ही तिथंच होतो. सुमंतनं स्पीकर सुरू केला.

"काका," ती म्हणाली, "शेवटची दोन पानं म्हणजे सांबारवडीची कृती आहे."

"गोष्टीचा शेवट आहे तो."

"मी वाचून पाहिलं. करूनसुद्धा पाहतेय, पुढ्यात ठेवून. म्हणजे बाई त्याला ओरडतेय, पाल चुकचुकते..." फोनमधून पानं उलटल्याचा आवाज आला. मग धरमपेठेच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं ते घडलं.

"मंग?" उन्नती म्हणाली.

सुमंतनं उत्तराबाईकडे पाहिलं. उत्तराबाईनं फोन हातात घेतला, नाकाशी धरला, हुंगला.

"मंग-बिंग नंतर वं बाई," ती म्हणाली. "आधी गॅस बारीक कर. तुही वडी करपून राहिली."

आणि पलीकडून, धरमपेठेतून, घाईघाईनं कढई उतरवल्याचा आवाज आला.